बेवड आणि भाजलेली माती

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला ‘यंदा ज्वारी कोणत्या रानात पेरणार?’ असे विचारले, तर उत्तरात बहुधा आधीच्या पिकाचे नाव येते. ‘मुगाच्या रानात’ किंवा ‘तुरीच्या बेवडावर’. एखादे पीक निघून गेल्यावर त्याचा जो बरावाईट परिणाम जमिनीत मागे उरतो, त्याला आपल्याकडे बेवड म्हणतात. कडधान्यांचा बेवड चांगला, हे ज्ञान फार जुने आहे. कपाशीच्या किंवा ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचे एक-दोन तास घालण्याची रीतही जुनीच.

बेवड चांगला का, याचे उत्तर शालेय पुस्तकात एका वाक्यात मिळते : द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्राचे स्थिरीकरण करतात. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात आणि एक गुण मिळवतात. पण हे एक वाक्य लिहिता येण्यासाठी विज्ञानाला १८३८ ते १८८८ अशी पन्नास वर्षे लागली. त्यातल्या जवळजवळ तीस वर्षांत तर हे खोटे असल्याचा पुरावा त्या काळच्या सर्वांत काटेकोर प्रयोगशाळांच्या हाती होता! ही चूक नेमकी कशी झाली, हे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे. कारण तशाच प्रकारची चूक आजही आपल्या गावात दर जून महिन्यात होते, आणि तिचे पैसे शेतकरी भरतो.

डोक्यावरचा साठा

हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. हवेच्या दाबावरून हिशेब केला, तर जालन्यातल्या एक हेक्टर शेताच्या डोक्यावर सत्तर हजार टनांहून अधिक नायट्रोजन उभा आहे. पिकाला एका हंगामात लागतो तो काही दशक किलो, फार तर दीड-दोनशे किलो. तरीही ज्वारीचे रोप नत्राअभावी पिवळे पडते, कारण नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याचे साधन वनस्पतीजवळ नाही. मग कडधान्ये हा नत्र मिळवतात कुठून?

हा प्रश्न मोजमापाने सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. अल्सास प्रांतात बेशेलब्रॉन येथे त्याची शेती होती. त्याने भाजून घेतलेल्या मातीत क्लोव्हर (एक द्विदल चारापीक), वाटाणा, गहू आणि ओट वाढवले. पेरलेल्या बियाण्यात नत्र किती आणि वाढलेल्या रोपात किती, हे त्याने मोजले. १८३८ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. गहू आणि ओट यांत नत्र वाढला नव्हता, क्लोव्हर आणि वाटाण्यात वाढला होता. जास्तीचा नत्र हवेतूनच आला असावा, असे दिसत होते.

पुष्कळांना हे पटले नाही. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा त्या काळी मोठा दबदबा होता. त्याच्या मते वनस्पतींना नत्र मिळतो तो हवेतल्या अमोनियापासून, आणि हा अमोनिया पावसाबरोबर जमिनीत उतरतो. बूसँगोवर आक्षेप आला की, कुंड्या उघड्या होत्या, त्यांत धूळ पडली असेल, धुळीत नत्र असेल. आक्षेप रास्त होता. म्हणून १८५० नंतरच्या वर्षांत बूसँगोने प्रयोग पुन्हा केला आणि या वेळी सर्व काही अधिक स्वच्छ ठेवले. माती जाळून घेतली, रोपे बंद काचपात्रांत वाढवली. नत्र वाढला नाही. आपला आधीचा निष्कर्ष चुकला, असे त्याला वाटू लागले.

भाजलेली माती

शेवटचा निकाल लागला तो इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे. जॉन लॉझ आणि जोसेफ गिल्बर्ट यांच्या या प्रयोगक्षेत्रावर इव्हान प्यू हा तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आला होता. या तिघांनी १८५७ पासून जो प्रयोग केला, त्याहून अधिक काळजीपूर्वक प्रयोग त्या काळी क्वचितच कोणी केला असेल. माती लालबुंद होईपर्यंत तापवली. रोपे काचेच्या झाकणांखाली ठेवली. आत जाणारी हवा सल्फ्युरिक आम्लातून धुऊन घेतली, म्हणजे अमोनियाचा अंशही उरू नये. १८६१ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला : कोणतीही वनस्पती, कडधान्यदेखील, हवेतील मुक्त नायट्रोजन वापरत नाही.

प्रयोगात हिशेबाची चूक नव्हती. भाजलेल्या मातीत, धुतलेल्या हवेत वाढलेले वाटाण्याचे रोप खरोखरच हवेतील नत्र घेऊ शकत नाही. चूक होती ती प्रयोगामागच्या समजुतीत. मातीत दोनच गोष्टी आहेत असे धरले होते, खनिजे आणि सेंद्रिय पदार्थ. सेंद्रिय पदार्थातला नत्र हिशेबात घोटाळा करील म्हणून तो जाळून टाकला. त्याबरोबर तिसरे काही जळून गेले, याची कोणाला कल्पना नव्हती. बूसँगोच्या १८३८ च्या कुंड्यांत कदाचित ज्या धुळीमुळे खरे उत्तर आले होते, तीच धूळ शास्त्रज्ञांनी अशुद्धी म्हणून काढून टाकली. माती ही निर्जीव वस्तू आहे असे मानून केलेला तो प्रयोग होता.

मधल्या काळात रॉथॅमस्टेडच्याच शेतात क्लोव्हरनंतरचे धान्य चांगले येत होते. शेत एक सांगत होते आणि काचेखालची कुंडी दुसरे. आपल्या भाषेत सांगायचे, तर बेवड दिसत होता, पण प्रयोगशाळेत त्याला जागा नव्हती.

वाटाण्याची लहर

कोडे सुटले ते जर्मनीत. हेर्मान हेलरिगेल आणि त्याचा सहकारी हेर्मान विल्फार्ट हे बेर्नबुर्ग येथे वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवत होते. ओटच्या कुंडीत जितके नायट्रेट घालावे, तितके पीक येई. नायट्रेट नाही तर वाढही नाही. वाटाणा मात्र कोणताच नियम पाळत नव्हता. नायट्रेट न घातलेल्या कुंड्यांपैकी एकीतला वाटाणा उपासमारीने मरे, तर शेजारच्याच कुंडीतला अचानक हिरवागार होऊन वाढू लागे.

असे विखुरलेले आकडे आले की, त्यांची सरासरी काढून पुढे जाण्याचा मोह होतो. या दोघांनी तो टाळला आणि कुंड्याकुंड्यांतला फरक हाच प्रश्न मानला. वाढलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या, मेलेल्यांच्या मुळांवर नव्हत्या. मग त्यांनी शेतातली थोडी माती पाण्यात ढवळली आणि ते पाणी निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांत घातले. सगळे वाटाणे वाढले. तेच पाणी उकळून घातले, तर एकही वाढला नाही. उकळल्याने पाण्यातली खनिजे नाहीशी होत नाहीत. मग नाहीसे झाले ते काय? काहीतरी सजीव.

हा निष्कर्ष हेलरिगेलने सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिन येथे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला. गिल्बर्ट त्या सभेला हजर होते. पुढे रॉथॅमस्टेडमध्ये हे प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले आणि लॉझ व गिल्बर्ट यांनी तीस वर्षांपूर्वीचा आपला निष्कर्ष मागे घेतला. १८८८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनुस बाइयरिंक याने गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला. १८८९ मध्ये आल्बेर्ट फ्रांक याने त्याला रायझोबियम हे नाव दिले. ग्रीक भाषेत रायझा म्हणजे मूळ आणि बायोस म्हणजे जीवन.

गाठी त्याआधी कोणी पाहिल्याच नव्हत्या असे नाही. इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगी याने सतराव्या शतकातच त्यांचे चित्र काढले होते, पण त्याला त्या कीटकांमुळे आलेल्या गाठी वाटल्या. आजही हरभऱ्याचे रोप उपटून दाखवले की, वर्गातला एखादा विद्यार्थी ‘सर, याला कीड लागलीय’ असे म्हणतोच. त्याला चूक म्हणण्यापूर्वी माल्पीगीची आठवण ठेवावी.

गाठीच्या आत

पुढच्या शंभर वर्षांत गाठीतला व्यवहार बराच उलगडला. रोपाची मुळे फ्लॅव्होनॉइड गटातली रसायने मातीत सोडतात. योग्य जातीच्या जिवाणूला ती ओळखता येतात, आणि तो उलट एक शर्करायुक्त रसायन सोडतो. १९९० मध्ये त्याची रचना समजली. या निरोपामुळे मूलरोम वाकतो, जिवाणू आत शिरतो आणि गाठ तयार होते. रोप जिवाणूला साखर पुरवते, जिवाणू रोपाला अमोनियाच्या रूपात नत्र देतो.

तिहेरी बंध तोडणाऱ्या विकराचे नाव नायट्रोजनेज. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असते, आणि ऑक्सिजन लागला की ते बिघडते. पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच. ही अडचण सोडवते लेगहिमोग्लोबिन, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे नातलग असलेले लाल प्रथिन. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि लागेल तेवढाच पुरवते. म्हणून काम करणारी गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी-लाल दिसते. आत पांढरी असलेली गाठ कामाला लागलेली नसते. हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते.

हेच काम कारखान्यात करण्याची रीत फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी शोधली. जर्मनीत ओपाउ येथे १९१३ मध्ये असा पहिला कारखाना सुरू झाला. त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे २०० वातावरणांचा दाब लागतो. युरियाचे पोते तेथूनच येते. तुरीच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ हे काम पावसाळी रानाच्या तापमानात करते.

बाटली, बोळा आणि पाकीट

जिवाणू वेगळा करता येतो म्हटल्यावर तो विकण्याची कल्पना निघणारच. फ्रिडरिख नोबं आणि लोरेंझ हिल्टनर यांनी १८९६ च्या सुमारास ‘नायट्राजिन’ नावाने त्याचे संवर्धन काचेच्या बाटल्यांतून बाजारात आणले. त्यानंतर अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर याने आणखी सोपी युक्ती काढली. जिवाणूंच्या द्रावणात कापसाचा बोळा बुडवायचा, तो वाळवायचा आणि टपालाने शेतकऱ्यांना पाठवायचा. १९०४ मध्ये मासिकांनी या शोधाचा मोठा गाजावाजा केला आणि मागणीचा पूर आला. पण १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील कृषी प्रयोगकेंद्राने हे बोळे तपासले, तेव्हा ते निरुपयोगी ठरले. वाळलेल्या कापसावर जिवाणू मेले होते.

रॉथॅमस्टेडच्या प्रयोगात माती निर्जीव मानली गेली होती. आता खुद्द जिवाणूलाच निर्जीव भुकटीसारखे वागवले गेले.

भारतात या विषयावरचा पहिला अभ्यास म्हणून पुसा (बिहार) येथील कृषी संशोधन संस्थेतील एन. व्ही. जोशी यांच्या १९२० मधील कामाचा उल्लेख केला जातो. १९५६ पासून आपल्याकडे या संवर्धनांचे व्यापारी उत्पादन होऊ लागले. १९७६ मध्ये त्यासाठी भारतीय मानक ठरले. पुढे २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. या आदेशानुसार भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द आहे ‘जिवंत’.

काळ्या रानात

आता पुन्हा जालन्याकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे येताना बदनापूर लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे तेथील संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. बीडीएन-२, बीएसएमआर-७३६, बीडीएन-७११ ही नावे मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि ‘बीडीएन’ ही अक्षरे बदनापूरचीच. जालना शहर तर बियाण्यांचे शहर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी सुरू केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा वाण, उगवणक्षमता आणि शुद्धता येथला शेतकरी बारकाईने विचारतो. बियाण्याच्या सोबत्याची विचारपूस मात्र तितकीशी होत नाही.

बदनापूर तालुक्यातले एक शेतकरी आम्हांला म्हणाले, “पाकीट लावलं काय अन् नाही लावलं काय, रान तेच.” या बोलण्यात किती तथ्य आहे, हे पाहायला हवे.

सर्व कडधान्यांना एकच जिवाणू चालत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचा साधारण एक गट आहे. त्यांना चालणारे जिवाणू आपल्या जमिनीत पूर्वापार आहेत. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मेथी आणि लसूणघासाचा वेगळा, सोयाबीनचा आणखी वेगळा. म्हणून तुरीच्या जुन्या रानात पाकीट न लावताही गाठी येतात. बाहेरून आणलेल्या जिवाणूला तेथे स्थानिक जिवाणूंशी स्पर्धा करावी लागते, आणि पुष्कळदा तो हरतो. तेवढ्यापुरते त्या शेतकऱ्यांचे म्हणणे बरोबर होते.

पण बरीच वर्षे हरभरा न घेतलेल्या शेतात त्याचे जिवाणू घटलेले असतात. सोयाबीन तर या मातीला नवखेच. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन वाणांच्या रूपाने ते भारतात पसरू लागले, तेव्हा योग्य जिवाणू बियाण्याला लावला की पीक स्पष्टपणे सुधारत असल्याचे प्रयोगांत दिसले. कारण मातीत त्याचा सोबतीच पुरेसा नव्हता. जालना जिल्ह्यातही सोयाबीन आज कपाशीच्या जोडीने मोठ्या क्षेत्रावर उभे असते. पहिल्यांदाच सोयाबीन घेणाऱ्या रानात पाकिटाचे मोल सर्वांत जास्त.

आता त्याच शेतकऱ्यांनी आणून दिलेल्या पाकिटाची गोष्ट. मुदत संपायला अजून काही महिने होते. आम्ही भुकटी पाण्यात पायरीपायरीने पातळ केली आणि काँगो रेड घातलेल्या आगारवर पसरली. या आगारवर रायझोबियमच्या वसाहती पांढरट दिसतात, इतर पुष्कळ जिवाणू लाल रंग शोषतात. चार-पाच दिवसांनी पाहिले, तर लाल वसाहतीच जास्त. पांढऱ्या अगदी मोजक्या, छापील आकड्याच्या जवळपासही नव्हत्या. कारखान्यातून निघताना त्यात जिवाणू नव्हते, असे आम्ही म्हणू शकत नाही. ते पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, खतांच्या पोत्यांशेजारी पडून होते, एवढे मात्र चौकशीत कळले. जालन्याच्या उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली काय होत असेल? युरिया त्या खोलीत टिकतो, कारण तो रसायन आहे. जिवाणू टिकत नाही. शेतकऱ्याने पैसे मोजले होते ते काळ्या लिग्नाइटच्या भुकटीचे.

म्हणून पाकीट घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि ते दुकानात सावलीत, थंड जागी ठेवलेले आहे का, हे विचारावे. साधारण २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ते हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. परभणीच्या विद्यापीठात आता द्रवरूप जिवाणू खतेही तयार होतात.

पाठ्यपुस्तकातल्या त्या एका वाक्याला एक पुरवणीही जोडायला हवी. गाठींनी मिळवलेला नत्र आपोआप जमिनीत जात नाही. त्याचा मोठा भाग दाण्यात जातो आणि बाजारात निघून जातो. सोयाबीनची काढणी करून भुसाही बाहेर नेला, तर मागे फारसे उरत नाही. तूर मात्र उभी असतानाच भरपूर पाला गाळते आणि तिची खोल मुळे जमिनीतच राहतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तुरीनंतरच्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्राइतका फायदा झालेला आढळला. हा बेवडाचा आकडा. याच संस्थेला असेही दिसले, की काळ्या जमिनीत एका माशीच्या अळ्या तुरीच्या गाठी पोखरतात. म्हणजे ‘गाठींना कीड लागलीय’ हे विद्यार्थ्याचे म्हणणे कधीकधी खरेही असू शकते!

वर्गातला हेलरिगेल

हेलरिगेलचा प्रयोग शाळेत करता येतो. नदीची वाळू स्वच्छ धुऊन लोखंडी कढईत तासभर भाजावी आणि उकळत्या पाण्याने धुतलेल्या सहा कुंड्यांत भरावी. प्रत्येकीत चिमूटभर चुलीतली राख मिसळावी. राखेतून पोटॅश आणि थोडे स्फुरद मिळते, नत्र मात्र जळून गेलेला असतो. प्रत्येकीत मुगाचे पाच दाणे पेरावेत. मूग किंवा तूर घेतलेल्या शेतातली ओंजळभर माती दोन लिटर पाण्यात ढवळून निवळू द्यावी. वरचे अर्धे पाणी तसेच ठेवावे, अर्धे वीस मिनिटे उकळून थंड करावे. तीन कुंड्यांत न उकळलेले पाणी घालावे, तीन कुंड्यांत उकळलेले. पुढे सर्वांना उकळून गार केलेलेच पाणी द्यावे.

पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसणार नाही, कारण रोप दाण्यातल्या साठ्यावर जगत असते. त्यानंतर रोज पानांचा रंग नोंदवावा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोपे हलकेच उपटून मुळे धुवावीत, गाठी मोजाव्यात आणि काही फोडून आतला रंग पाहावा. उकळलेल्या पाण्याच्या एखाद्या कुंडीतही गाठी आल्या, तर ‘प्रयोग फसला’ म्हणून ती कुंडी बाजूला ठेवू नये. तेथे जिवाणू कोठून आला असेल, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. सोय असेल तर सोयाबीनच्याही दोन कुंड्या लावाव्यात. एकीत सोयाबीन कधीच न घेतलेल्या शेताच्या मातीचे पाणी, दुसरीत नेहमी सोयाबीन घेतलेल्या शेताच्या मातीचे.

दुकानातल्या पाकिटाचीही अशीच परीक्षा घेता येते. चमचाभर भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळावी, ते पाणी भाजलेल्या वाळूच्या कुंडीत घालावे आणि पाकीट ज्या पिकाचे असेल त्याच पिकाचे दाणे पेरावेत. जोडीला पाकीट न घातलेली एक कुंडी हवीच. हा प्रयोग एप्रिलमध्ये सुरू केला, तर जूनच्या पेरणीआधी उत्तर हाती येते. शाळेला सुटी असली, तरी विद्यार्थी तो घरच्या अंगणात करू शकतात. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्या पालकांना ते उत्तर उपयोगी पडेल.